क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, शिरवळ

पश्चिम महाराष्ट्रातील शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, नीरा नदीच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर महामार्गावरील शिरवळ येथे आहे. पशुवैद्यक शिक्षणासाठी सोलापूर जिल्ह्याला पश्चिमेकडे शिरवळ आणि ईशान्येकडे उदगीर ही दोन केंद्रे जवळची आहेत.

इतिहास : महाराष्ट्रातील पशुवैद्यक शिक्षणाची सुरुवात 1886 मध्ये मुंबईत परळ येथे झाली. पुढे नागपूर (1958), परभणी (1972) व उदगीर (1987) येथे महाविद्यालये निघाली. शिरवळचे महाविद्यालय 1988 मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठांतर्गत सुरू झाले. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या सातारच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव त्याला दिलेले आहे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 मध्ये स्थापन झाल्यावर कृषी विद्यापीठांकडील पशुवैद्यक महाविद्यालये त्याच्याकडे आली. शिरवळ त्यांपैकी एक.

अध्यापकवर्ग व विभाग : महाविद्यालयाचा कारभार सहयोगी अधिष्ठाता पाहतात. प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक अशी अध्यापकांची श्रेणी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, औषध व विष, विकृती, सूक्ष्मजीव आणि परोपजीवी या शास्त्रांपासून आहार, पैदास, प्रजनन व प्रसूती, शल्यचिकित्सा, पशुजन्य पदार्थ व विस्तार शिक्षणापर्यंतचे विषय स्वतंत्र विभागांकडे असतात.

सुविधा : भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या किमान मानकांनुसार अशा महाविद्यालयाला दोन गोष्टी अनिवार्य आहेत : आजारी जनावरांवर उपचार करणारे चिकित्सालय संकुल आणि गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या पाळलेले पशुधन प्रक्षेत्र. अडलेले वासरू सोडवणे, कासदाह ओळखणे, गाभण तपासणी, क्ष-किरण चित्र वाचणे ही कामे विद्यार्थी तेथेच हाताने शिकतात.

अभ्यासक्रम : बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी साडेपाच वर्षांची असून त्यांतील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते. प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. पदवीनंतर एम.व्ही.एस्सी. व त्यापुढे पीएच.डी. करता येते.

सोलापूर जिल्ह्याचे पशुधन : सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जनावर हा कोरडवाहू शेतकऱ्याचा हुकमी आधार. पंढरपुरी म्हैस हे येथील खास वाण. खांद्यामागे पोचणारी, तलवारीसारखी लांब शिंगे ही तिची खूण. कोरड्या, उष्ण हवेत ती तग धरते. सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात पांढरा, चपळ खिलार बैल पाळला जातो. त्याची खरेदी-विक्री सांगोल्याच्या आठवडी बाजारात, तसेच पंढरपूरच्या कार्तिकी व सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील जनावरांच्या बाजारात होते. शेळ्यांत उस्मानाबादी, तर मेंढ्यांत दख्खनी जात प्रमुख आहे.

या पशुधनाच्या तक्रारीही स्थानिक परिस्थितीतून आलेल्या असतात. ऊसपट्ट्यात जनावरांना वाढे (उसाचे शेंडे) भरपूर मिळतात. परंतु वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या जनावरात कॅल्शियमची उणीव निर्माण होते. बाजार व यात्रांमुळे जनावरांची ये-जा वाढून लाळ्या-खुरकूत, लम्पी यांसारखे सांसर्गिक रोग झपाट्याने पसरतात. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी देण्याचा प्रघात आहे.

व्यवसाय : पदवीधरांची शासकीय सेवेतील पहिली नेमणूक साधारणपणे पशुधन विकास अधिकारी म्हणून, तालुक्याच्या वा गावाच्या श्रेणी-1 दवाखान्यात होते. त्यासाठीची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. खासगी व्यवसाय, दूध संघ, कुक्कुटपालन व औषध कंपन्या हे इतर मार्ग आहेत. यांपैकी कोठेही रुग्ण-जनावरांवर उपचार करण्यासाठी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असणे कायद्याने बंधनकारक आहे.