बंद दाराआडचा पाव

अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे मिरवणारी विद्यार्थिमंडळे असतात. गुप्त शपथ आणि दीक्षाविधी ही त्यांची परंपरा १७७६ च्या 'फाय बीटा कॅपा'पासूनची. मुंबईतल्या नवशिक्षित तरुणांचेही असे एक मंडळ होते. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आदींनी स्थापिलेल्या परमहंस सभेत नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिबंधन तोडल्याची ती साक्ष. पण दार लावून. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभा विस्कटली.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' (१८४८) मात्र उघडपणे चाले. तिच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, विनावेतन शिकवले. ते काम टिकले.

१८६१ साली आगगाडी कसाऱ्याला पोहोचली. डब्यातल्या बाकावर शेजाऱ्याची जात पारखून बसण्याची सोय नव्हती. सभेने कोंडून जपलेला प्रश्न असा चव्हाट्यावर आला. तरीही परमहंसांना भित्रे ठरवणे न्याय्य नाही. वाळीत पडणे म्हणजे घर, लग्नसंबंध, स्मशानातले खांदेकरीसुद्धा गमावणे होते. त्यांच्याच वर्तुळातून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. या वेळी दार उघडे होते.