वर्ध्याचा कापूस आणि वस्त्राचा हिशेब

हल्लीं वस्त्रव्यवसायांत ‘शाश्वत वस्त्र’ हा शब्दप्रयोग वारंवार कानीं येतो. पोशाख विकणाऱ्या मोठमोठ्या परदेशी कंपन्या आपल्या मालास तें विशेषण लावितात, आणि आपल्याकडील व्यापारीही त्यांचा कित्ता गिरवूं लागले आहेत. शब्द आपल्या भाषेस परका नाहीं. ‘शश्वत्’ या अव्ययापासून तो साधला आहे. शश्वत् म्हणजे पुनःपुनः, निरंतर. ‘टिकाऊ’ हें विशेषण वस्तूचा गुण सांगतें. ‘शाश्वत’ हें ती वस्तु करण्याच्या रीतीचा गुण सांगतें. जी रीत वर्षानुवर्षें चालविली असतां जमीन खंगत नाहीं आणि राबणारें माणूसही खंगत नाहीं, ती शाश्वत. असा अर्थ घेतला म्हणजे या शब्दाची कसोटी शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत ती एकदां लावून पाहिली गेली आहे. तिची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

अल्लीपूर हें हिंगणघाट तालुक्यांतील गांव. या भागाची काळी जमीन कापसाची, आणि येथील कापूस ‘हिंगणघाटी’ या नांवानें एके काळीं मुंबईपासून लिव्हरपूलच्या बाजारापर्यंत ओळखला जात असे. ‘बनी’ म्हणून जी देशी जात येथें होत असे, तिचा तंतु देशी कापसांत लांब व मऊ गणला जाई. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें; तिकडील कापूस इंग्लंडास मिळेनासा होऊन सरकारची दृष्टि या खोऱ्याकडे वळली. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला, आणि १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांजकरितां नेमलेला कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नक यानें या संधिकाळांत आपली अपेक्षा लिहून ठेविली आहे. तिचा आशय असा : लोहमार्गानें विलायती कापड येऊन तें येथील कापडाहून स्वस्त विकेल, मग गांवांत सुतासाठीं खर्च होणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल, आणि कातण्याविणण्यांत गुंतलेले लोक शेतमजुरीस मिळतील.

ही अपेक्षा ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या भागांतील चरखा व माग मागें पडले तें केवळ कालौघानें, असें म्हणण्याची चाल आहे. परंतु तें मागें पडणें कोणाच्या तरी हिशेबांत आधींच जमेच्या बाजूस मांडलेलें होतें. पुढें बनीचीही तीच गति झाली. ‘जरी’ नांवाची जात आखूड व भरड तंतूची, पण पीक अधिक देणारी. सरकी काढल्यावर तिच्या रुईचा उताराही मोठा. चांगल्या तंतूस त्याच्या प्रतीइतका भाव मिळेना, तेव्हां शेतकऱ्यानें बनी सोडून जरी धरली. यांत त्याचा दोष नाहीं. ज्या हिशेबांत वजनासच किंमत, तेथें गुण टिकत नाहीं.

१ जानेवारी १८७७ ही तारीख वस्त्राच्या इतिहासांत विशेष लक्षणीय आहे. त्या दिवशीं दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचें घोषित करण्यांत आलें. त्याच दिवशीं नागपुरास जमशेटजी टाटा यांची गिरणी सुरू झाली, आणि त्या प्रसंगास अनुसरून तिचें नांव ‘एम्प्रेस’ पडलें. त्याच दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, जाड्याभरड्या खादीच्या पोशाखांत हजर होते. स्वदेशीचें व्रत त्यांनीं १८७२ पासूनच घेतलें होतें. विलायती कापडास दिलेलीं हीं दोन उत्तरें एकाच दिवशीं उभीं राहिलीं. गिरणीनें कापडाचा पैसा देशांत राखण्याचा मार्ग दाखविला. काकांच्या वेषानें त्याहून निराळी गोष्ट केली. जाडेंभरडें वस्त्र हें तोंवर दारिद्र्याचें चिन्ह होतें. तेंच त्यांनीं भर दरबारांत मानाचें करून दाखविलें. ज्यास आज फॅशन म्हणतात तिची दिशा विचारपूर्वक फिरविण्याचा महाराष्ट्रांतील हा एक आरंभींचा यत्न होय.

या यत्नास व्यापक रूप आलें तें १९२१ सालीं. त्या वर्षीं ३१ जुलै रोजीं मुंबईस परळ येथें विदेशी कापडाची मोठी होळी झाली, आणि २२ सप्टेंबर रोजीं मदुरेस महात्मा गांधींनीं सदरा-टोपी टाकून पंचा धारण केला. त्याच सालीं जमनालाल बजाज यांच्या इच्छेवरून विनोबा भावे वर्ध्यास आश्रम चालविण्याकरितां आले. १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. १९३४ च्या डिसेंबरांत ग्रामोद्योग संघ निघून त्याचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत पडलें. १९३६ सालीं गांधीजी सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले. आणि ३० डिसेंबर १९३८ रोजीं मगन संग्रहालय उघडण्यांत आलें. वस्त्रविषयक विचाराची राजधानीच जणुं या जिल्ह्यांत आली.

परंतु या सर्वांत ज्या घटनेस आम्ही सर्वाधिक महत्त्व देतों ती पुतळ्यांत व समारंभांत दिसत नाहीं. आरंभींच्या दहा वर्षांत चरखा संघाचें धोरण खादी जितकी स्वस्त करतां येईल तितकी करावी असें होतें. गिरणीच्या कापडाशीं स्पर्धा करावयाची, तर दुसरें काय करणार ? पण ही स्वस्ताई कोठून येत होती हें पाहतां असें आढळलें कीं, ती मुख्यतः कातणाऱ्या बाईच्या मजुरींतून येत होती. खेड्यांतील ही बाई दिवसभर चरखा फिरवी आणि तिच्या हातीं पडे तें तिच्या एकटीच्या पोटासही पुरत नसे. विनोबांनीं १९३५ सालीं वर्ध्याजवळच्या नालवाडीस स्वतः दिवसाचे आठ-आठ तास कातून, त्या मजुरींत निर्वाह कसा होतो याचा प्रयोग केला. गांधीजींनींही कातणाराला तासास एक आणा, म्हणजे आठ तासांस आठ आणे मिळावेत असा विचार मांडला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत चरखा संघानें वर्ध्यास निर्वाहवेतनाचें तत्त्व मान्य केलें. आठ आण्यांपर्यंत जाणें तेव्हां शक्य झालें नाहीं. तथापि मजुरी वाढविण्यांत आली, आणि खादी महाग झाली.

येथें या चळवळीची खरी परीक्षा होती. किंमत वाढली तशी विक्रीची चिंता वाढली. साऱ्याच कातणाऱ्यांस काम पुरविणें कठीण झालें. ज्या शहरी मनुष्यानें देशभक्तीपोटीं खादी घेतली होती, त्यास आतां देशभक्तीबरोबर चार पैसे अधिक मोजावयाचे होते. संघास हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक असून त्यानें तें पत्करलें, यांतच त्या निर्णयाचें ऐतिहासिक मोल आहे. स्वस्त वस्त्राची खरी किंमत कोणी तरी देतच असतें. ती अंगावर घेणारानें द्यावी कीं कातणारीनें, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचें उत्तर या जिल्ह्यांत स्पष्ट शब्दांत देण्यांत आलें.

या निर्णयामागील विचारास शास्त्राचें रूप दिलें तें जे. सी. कुमारप्पा यांनीं. ते हिशेबतपासनिसाचा धंदा शिकलेले, आणि ग्रामोद्योग संघाची धुरा मगनवाडींतून वाहणारे. कारावासांत लिहिलेला त्यांचा स्थायी अर्थव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं पदार्थांचे दोन वर्ग केले आहेत : कोळसा, खनिज तेल इत्यादि साठ्याचे, जे काढावे तसे संपतात, आणि वनस्पतींसारखे प्रवाहाचे, जे निसर्ग पुनःपुनः देतो. पहिल्या वर्गावर उभारलेला व्यवहार कलह वाढवितो, दुसऱ्यावरील शांततेस पोषक होतो, असा त्यांचा सिद्धांत. ‘शश्वत्’ या शब्दाचा अर्थ अर्थशास्त्रांत उतरविल्यासारखेंच हें विवेचन आहे.

कोणी म्हणेल कीं, खादीनें सारा देश कधींच झांकला नाहीं. गरिबाचें अंग झांकलें तें गिरणीनें. हा आक्षेप खरा आहे व तो दडविण्याचें कारण नाहीं. गिरण्यांनीं नागपूर, हिंगणघाट, मुंबई येथें लाखों कुटुंबें पोसलीं, आणि त्या बंद पडल्या तेव्हां त्या कुटुंबांची जी दैना झाली तीही इतिहासाचाच भाग आहे. परंतु येथें प्रश्न कापड किती निघालें हा नसून त्याचा हिशेब कसा मांडला हा आहे.

आजचा हिशेब पाहूं. जगांत तयार होणाऱ्या तंतूंपैकीं निम्म्याहून अधिक तंतु पॉलिएस्टरचा आहे, म्हणजे कुमारप्पांच्या भाषेंत साठ्याचा. तो खनिज तेलापासून होतो, धुतांना त्याचे सूक्ष्म कण पाण्यांत जातात व कुजत नाहींत. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत ढाक्याजवळ राना प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक माणसें मेलीं. तीं बहुतेक युरोप-अमेरिकेकरितां स्वस्त कपडे शिवणारीं होतीं. इकडे आमच्या शिवारांत २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. तेव्हांपासून देशी वाण जवळजवळ नामशेष झाले, बियाणें दरवर्षीं विकत घेणें भाग पडलें, आणि पावसावर विसंबलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावरील कर्जाचें ओझें हलकें झालें नाहीं. विदर्भांतील आत्महत्यांस कारणें अनेक आहेत. तरी ज्याच्या शेतांत वस्त्राचा आरंभ होतो त्याचाच जीव वस्त्राच्या किंमतींत धरला जात नाहीं, हें त्यांतील एक खचित. अशा स्थितींतही वर्ध्यांत मगन संग्रहालय व गोपुरीचें ग्रामसेवा मंडळ येथें खादीचें काम चालू आहे. तें प्रमाणानें लहान आहे, पण त्यांत कापसापासून कापडापर्यंतचा मार्ग डोळ्यांनीं पाहतां येतो.

तात्पर्य, एखाद्या वस्त्रास शाश्वत म्हणावें कीं नाहीं हें त्यास लाविलेल्या चिठ्ठीवरून ठरत नाहीं. तंतु साठ्याचा कीं प्रवाहाचा, पऱ्हाटी लावणाऱ्याच्या घरीं बीं राहिलें कीं नाहीं, वेचणारणीस व शिवणारणीस निर्वाहापुरतें मिळालें कीं नाहीं, आणि त्याचा भार घेणारानें उचलला कीं नाहीं, या चार प्रश्नांनीं तें ठरतें. १९३५ सालीं वर्ध्यास तिसऱ्या व चौथ्या प्रश्नास हात घातला गेला, म्हणून तो प्रसंग वस्त्राच्या इतिहासांत जपून ठेवण्यासारखा आहे.

मात्र त्याचीं साधनें वेगानें नाहींशीं होत आहेत. संस्थांचे अहवाल ग्रंथालयांत सांपडतील. परंतु अल्लीपूरसारख्या गांवांतून माळ्यावर पडलेले रेचे, पेळूच्या पाट्या, टकळ्या, सूतखरेदीच्या वह्या व कोष्ट्यांच्या घरचीं बाडें यांची नोंद कोणीं करावयाची? कातून पोट भरलेल्या बायांपैकीं ज्या थोड्या हयात असतील, त्यांच्या तोंडची हकीकत लिहून घेण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत. मोठ्या पुरुषांचे निर्णय छापून निघाले आहेत. ते ज्यांच्याकरितां घेतले गेले त्यांची बाजू अजून लिहिली जावयाची आहे. या कामास तालुक्यातालुक्यांतून अभ्यासकांनीं लागावें, अशी विनंति आहे.