चिठ्ठीतल्या एका रकान्याची कुळकथा

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत काय किंवा आणखी कुठे काय, पीयूसी काढणं हा दोन-पाच मिनिटांचा मामला. सायलेन्सरमध्ये नळी जाते, नंबरप्लेटचा फोटो निघतो, संगणकावर आकडे उमटतात आणि चिठ्ठी हातात पडते. तारीख बघून आपण ती घडी करतो. चिठ्ठीवर गाडीचा नंबर असतो, इंधन असतं, इंजिन आणि चासी नंबरांचे शेवटचे तेवढे आकडे असतात, क्यूआर कोड असतो. आणि एक रकाना असतो: गाडी कोणत्या मानकाची आहे. भारत स्टेज तीन, चार की सहा.

हा रकाना पीयूसीवाला मोजत नाही. त्याला तो आयताच मिळतो, आणि पास-नापास मात्र त्याच्याच आधारावर ठरतं. भारत स्टेज तीनच्या पेट्रोल कारला नुसत्या चालू इंजिनावर अर्धा टक्का कार्बन मोनॉक्साइड चालतो. स्टेज चारच्या कारला ०.३ टक्केच. गाडी बनल्याच्या वर्षावरून हे कळेल म्हणावं, तर तेही नाही. स्टेज चार २०१०मध्ये मुंबई-पुण्यासह मोजक्या १३ शहरांत आलं आणि सगळ्या देशाला लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. मधली सात वर्षं एकाच साली बनलेल्या दोन गाड्या दोन वेगळ्या मानकांच्या असू शकत होत्या. म्हणजे रकाना भरायला कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असावं लागतं. ते सांगणारा कारखानदार असतो.

धुराबद्दलची सरकारी चौकशी आपल्याकडे तशी जुनी. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ सालचा. पण त्याचा रोख गिरण्यांच्या आणि भट्ट्यांच्या धुराड्यांवर होता, मोटारींवर नव्हता. मोटारींची पाळी यायला पुढची पाऊणशे वर्षं गेली. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ला अमलात आला, त्याच्यासोबत केंद्रीय नियम आले आणि त्यातल्या ११५व्या नियमाने आकडे बांधून दिले: पेट्रोलच्या चारचाकीला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड, दुचाकी-तीनचाकीला साडेचार. आजच्या मानाने हे आकडे भलतेच उदार. पीयूसीचा जन्म या नियमातला.

त्याच नियमावलीत १२६वा नियम आहे. रस्त्यावरच्या माणसाला तो कधी भेटत नाही, पण या कथेचा मूळपुरुष तोच. गाडीचं नवं मॉडेल विकायचं तर त्याचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्या, असं तो सांगतो. अशा संस्थांपैकी तीन महाराष्ट्रात: तेव्हाच्या अहमदनगरची संरक्षण खात्याची व्हीआरडीई, भोसरीची सीआयआरटी आणि पुण्याची एआरएआय. एआरएआयचं नाव पुणेकरांनी टेकडीलाच देऊन टाकलंय. सकाळी एआरएआय टेकडीवर हवा खायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की देशभरातल्या गाड्यांचा धूर तिथे ग्रॅममध्ये मोजला जातो? आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६६ साली ही संस्था उभी केली ती वाहन उद्योगाने आणि केंद्र सरकारने मिळून. तपासणारा आणि तपासला जाणारा यांच्यात पहिल्यापासून घरोबा आहे. त्यात लगेच काळंबेरं शोधायचं कारण नाही. १९६६ साली एवढी यंत्रं आणि एवढे इंजिनिअर उभे करणं एकट्या सरकारला जड गेलं असतं. पण हा घरोबा लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

तपासणी अशी होते. गाडीची चाकं रोलरवर चढवतात. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते. तिच्याबरहुकूम त्याने गाडी पळवायची, थांबवायची, पुन्हा पळवायची. धूर हवेत मिसळून पिशव्यांत भरून घेतात. भारतीय रस्त्यांवरून बेतलेलं या रेघेचं जुनं चक्र १०८ सेकंदांचं होतं. ते सहा वेळा फिरवायचं आणि कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. कारसाठी ते २००० सालापासून बदललं, वेग ९० पर्यंत गेला. संध्याकाळी वसई स्टेशनहून एव्हरशाईनकडे निघालेल्या शेअर रिक्षाला यातलं कोणतंच चक्र ओळखीचं वाटणार नाही, ते सोडा.

रोलरला भार किती द्यायचा? तो गाडीच्या वजनावरून ठरतो. वजन किती, गिअरचं गुणोत्तर काय, टायर कोणता, इंधन कसं सोडलं जातं, धूर निवळणारं यंत्र कुठलं, हे सगळं कंपनी लिहून देते. त्यासाठी एआयएस-००७ नावाचं मानक आहे: कारखानदाराने कोणती तांत्रिक माहिती कोणत्या तक्त्यात भरायची, एवढाच त्याचा विषय. वाचायला रुक्ष, पण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. या तक्त्यांत भरलेली माहिती खोटी निघाली, तर पुढचं मोजमाप कितीही काटेकोर असो, फुकट.

तसं घडलंही. जुलै २०१३मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. २००५ ते २०१३ या काळातल्या त्या गाड्या. कंपनीनेच सरकारला कळवलं की आपल्या काही कर्मचाऱ्यांनी कमी धुराची इंजिनं हेरून ती तपासणीच्या गाड्यांत बसवली, आणि मॉडेल दुसऱ्या मानकाच्या गटात जावं म्हणून काही वेळा चुकीची माहितीही दिली. यंत्र चोख होतं, पिशव्या चोख होत्या. लबाडी समोर आणलेल्या गाडीत आणि कागदावर होती.

अशा लबाडीचं कूळ परदेशात आणखी मागे जातं. अमेरिकेत १९७४ साली फोक्सवॅगनने १ लाख २० हजार डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं. थंडी-उष्णतेवरून धूर-नियंत्रण बंद करणाऱ्या कळा गाड्यांत बसवल्या होत्या आणि अर्जात त्यांचा उल्लेख केला नव्हता, असा आरोप होता. चाळीस वर्षांनी, २०१५मध्ये, तीच कंपनी तशाच कारणासाठी जगभर गाजली. फक्त कळेच्या जागी संगणकाची आज्ञावली होती. आपल्याकडे एआरएआयने तिच्या गाड्या रस्त्यावर नेऊन मोजल्या, तेव्हा धूर मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. कंपनीने सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या सुधारून द्यायचं कबूल केलं, पण नियम मोडल्याचं मानलं नाही. भारतात तेव्हा रस्त्यावरच्या धुराला मर्यादाच ठरलेली नव्हती, हा तिचा मुद्दा. चीड आणणारा, पण कागदावर खरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने तूर्त वसुलीची कारवाई थांबवली.

दरम्यान कारखानदाराला विचारायचे प्रश्न वाढले. प्रत्येक गाडीसोबत कारखानदार देतो त्या नमुना २२च्या दाखल्यात १ एप्रिल २०१७पासून त्या मॉडेलच्या प्रत्येक प्रदूषकाचा आकडा लिहिणं आलं. १ एप्रिल २०२३पासून गाडीच्या मागे मोजणी यंत्र बांधून ती खऱ्या रस्त्यावर चालवून बघणं आलं. मंजुरीची माहिती आता ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत चढते. नोंदणी होताना गाडीला चिकटते, आणि एम.एच. ४८च्या एखाद्या गाडीची पीयूसी निघते तेव्हा चिठ्ठीवर उमटते. कंपनीचा शब्द तिथेही शिल्लक असतोच. नव्या पेट्रोल कारची हवा-इंधनाची मात्रा, म्हणजे लॅम्डा, एकच्या आसपास असावी, किंवा कारखानदाराने जाहीर केली असेल तेवढी, असं नियमच म्हणतो.

टवेराच्या वेळी गाड्या परत घ्यायला लावणारा कायदा आपल्याकडे नव्हता. तो २०१९च्या दुरुस्तीने आला, नियम १ एप्रिल २०२१ला लागू झाले, आणि हुकूम न पाळणाऱ्या कारखानदाराला १०० कोटींपर्यंत दंडाची तरतूद झाली. त्यात पहिल्यांदाच गाडीमालकाच्या तक्रारीलाही जागा मिळाली: ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार चौकशी लावू शकतं. अट एवढीच की गाडी सात वर्षांच्या आतली हवी. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधून माल घेऊन निघणारा जुना टेम्पो या हिशेबात येत नाही.