सौम्य आम्लाद्वारे लाकडी अवशेषांपासून शर्करा : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : परभणी जिल्ह्यातील पऱ्हाटी)

प्रस्तावना : कापूस हे परभणी जिल्ह्यातील एक प्रमुख नगदी पीक आहे. वेचणीनंतर शेतात उरणारी पऱ्हाटी रासायनिकदृष्ट्या लाकडासारखीच असते. अशा अवशेषांतील सेल्युलोजपासून शर्करा व शर्करेपासून मद्यार्क मिळविण्याच्या प्रयत्नांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

ऐतिहासिक विकास : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो यांनी १८१९ मध्ये तीव्र गंधकाम्लाच्या साहाय्याने चिंध्या व भुशापासून शर्करा मिळविली. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सौम्य आम्लावर चालणारे कारखाने निघाले. परंतु पुढे स्वस्त मळीपुढे ते टिकले नाहीत. आम्ल व उष्णता यांमुळे तयार झालेली शर्कराही नष्ट होते, ही या पद्धतीतील मूळ अडचण होती. जर्मनीत शोलर यांनी उष्ण सौम्य आम्ल लाकडाच्या थरातून झिरपवून शर्करा लगेच बाहेर काढण्याची पद्धत विकसित केली. सोव्हिएत संघात हा उद्योग शासकीय आधारावर अनेक दशके टिकला. भारतात २०२२ मध्ये पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल निर्मितीचा प्रकल्प राष्ट्रार्पित झाला.

निष्कर्ष : या तंत्राचे भवितव्य रसायनशास्त्राइतकेच कच्च्या मालाच्या किमतीने ठरविले, असे दिसते. परभणीत पऱ्हाटी केवळ टाकाऊ नाही. अनेक मजूर कुटुंबांच्या चुलीचे ते सरपण आहे. कारखान्याच्या हिशेबात या सरपणाचे मोल धरले जाणे अगत्याचे आहे.