विलंबित

पनवेल स्थानकात उद्घोषणा होते: गाडी विलंबाने धावत आहे. फलाटावरचे चेहरे आंबट. त्याच गावातल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात गवई विलंबित एकताल धरतो, तेव्हा माना डोलतात. शब्द एकाच घरातले आहेत. संस्कृत ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे, टांगून राहणे. त्यातूनच लंब, अवलंबून, कोर्टातली प्रलंबित प्रकरणं (ती तर अक्षरशः लोंबकळतात!) आणि घड्याळाचा लंबकही.

लंबकाचं आणि लयीचं नातं युरोपने फार शब्दशः घेतलं. डच शास्त्रज्ञ हॉयगन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. 1696 मध्ये एतिएन लुलिए या फ्रेंच संगीतज्ञाने लयमापक सुचवला: उंच फळीवर भोकं, हव्या त्या भोकात खुंटी आणि तिच्यावरून सोडलेला दोरीचा लंबक. दोरी लांबवली की लय संथ. मात्र दुप्पट संथ करायची तर दोरी चौपट हवी. यंत्र बिनआवाजाचं, त्यामुळे वादकाने ते बघतच बसायचं. युरोपीय संगीतातल्या बरोक काळाच्या अखेरीस, 1752 मध्ये, जर्मन बासरीवादक क्वांट्झने सरळ नाडीच धरली: निरोगी माणसाचे मिनिटाला सुमारे 80 ठोके. मला हा माणूस जास्त पटतो. टकटक करणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट जर्मन यंत्रकार मेल्त्सेलने घेतलं ते 1815 मध्ये.

आपल्याकडे विलंबिताला आकडा चिकटला नाही. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ताल चौदाच मात्रांचा, पण मात्रा केवढी, हे ते ठरवत.