तापीकाठचा मका आणि चापिंगोचे मराठी प्राध्यापक

नंदुरबारच्या मिरची बाजाराचा लौकिक आपल्या समाजबंधूंना सांगावयास नको. हिवाळ्याच्या दिवसांत गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते, तेव्हा वाटसरूच्या नाकातोंडातून पाणी येते आणि अडत्याच्या मुखावर हास्य येते. शहादे तालुक्यात पपईच्या बागा उभ्या आहेत. सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याकडे आपले आदिवासी बांधव पिढ्यान्पिढ्या मक्याची भाकरी खात आले आहेत. ही तिन्ही पिके आपण इतकी आपली मानतो की, ती आपल्या मातीत प्रारंभापासूनच होती असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती अशी आहे की, मिरची, मका आणि पपई या तिघींचेही माहेर मेक्सिको व त्याच्या लगतचा मुलूख होय. पोर्तुगीजांच्या गलबतांनी ही पिके आपल्याकडे आली, त्यास चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला.

वर्गात हा पाठ शिकविताना एका मुलाने मला विचारले होते, ‘गुरुजी, तिकडची पिके इकडे आली, पण इकडचे कोणी तिकडे गेले की नाही?’ त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. ते आज देतो. ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते गृहस्थ आपल्या समाजाचे नव्हेत, खानदेशातलेही नव्हेत. तथापि शेतकऱ्यांच्या स्मरणिकेत त्यांचे नाव येणे अनुचित होणार नाही, अशी माझी धारणा आहे.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. तो काळ लोकमान्य टिळकांचा. तरुण खानखोज्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला की, देश स्वतंत्र करावयाचा तर शस्त्रविद्या शिकली पाहिजे, आणि ती इंग्रजांच्या राज्यात राहून शिकता येणार नाही. लोकमान्यांच्या प्रोत्साहनाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी घर सोडले. प्रथम जपान आणि मग अमेरिकेचा पश्चिम किनारा. खिशात द्रव्य नाही, पाठीशी कोणी नाही. मोलमजुरी करून पोट भरावयाचे आणि उरलेल्या वेळात शिकावयाचे, असा क्रम होता. कॅलिफोर्नियातील टमालपाईस येथील लष्करी विद्यालयात त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले. ओरेगन आणि वॉशिंग्टन या प्रांतांतील शेतकी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला.

एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बियाणे, ही जोडी विचित्र वाटते खरी. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे त्या वेळी शेती त्यांना दुय्यम होती. त्या किनाऱ्यावरील लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत पंजाबी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. त्यांच्यात खानखोजे मिसळले. १९१३ साली सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींनी जो गदर पक्ष उभारला, त्याच्या उभारणीत या वऱ्हाडाकडच्या तरुणाचा वाटा होता. त्यांचाच एक मराठी सहकारी विष्णू गणेश पिंगळे हिंदुस्थानात परतला, पकडला गेला आणि १९१५ च्या नोव्हेंबरात लाहोर येथे फासावर चढला. खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात वेष आणि नाव पालटून ते इराणात शिरले. तेथील टोळ्यांच्या साहाय्याने ते इंग्रजांशी लढले, जखमी झाले, कैदेत सापडले आणि निसटलेही. बलुचिस्तानातून हिंदुस्थानात उतरण्याचा तो बेत सिद्धीस गेला नाही. महायुद्ध संपले, इंग्रज जिंकले. पुढे बर्लिन आणि मॉस्को येथेही त्यांनी उंबरे झिजविले. हाती काही लागले नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या कार्यासाठी घर सोडले ते कार्य फसले. स्वदेशी परतावे तर दाराशी पोलीस उभा. वय चाळिशीला आलेले. अशा प्रसंगी पुष्कळांचे आयुष्य तेथेच खचले. परदेशी गेलेल्या माणसाच्या चरित्रात आपण आरंभ वाचतो आणि अखेरचा सत्कार वाचतो. मधली ही वर्षे कोणी वाचत नाही. मला मात्र तीच अधिक बोलकी वाटतात.

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोत उतरले. त्या देशात नुकतीच मोठी राज्यक्रांती होऊन गेली होती आणि जमीनदारांच्या अफाट जमिनी कुळांना वाटून देण्याचे काम चालू होते. जमीन मिळाली, पण ती कसावी कशी, बियाणे कोणते घ्यावे, हे गरीब शेतकऱ्याला सांगणार कोण? चापिंगो येथे, एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या जागेत, राष्ट्रीय शेतकी विद्यालय आले होते. तेथे हा वर्ध्याचा माणूस प्राध्यापक झाला, तोही परक्या स्पॅनिश भाषेत शिकविणारा. जी विद्या दुय्यम म्हणून घेतली होती, तीच आता हाताशी आली.

त्यांचे मुख्य कार्य मक्यावर झाले. मक्याचा मूळ पूर्वज तेओसिंते नावाचे एक रानगवत होय; त्याच्या कणसावर बोटांवर मोजण्याइतकेच कठीण दाणे असतात. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतील लोकांनी निवड करीत करीत त्यापासून आजचा मका घडविला. खानखोज्यांनी त्या रानगवताचा आणि मक्याचा संकर करून नव्या जाती तयार करण्याचे प्रयोग केले. गव्हावरही त्यांनी काम केले. परंतु एक शिक्षक म्हणून मला त्यांच्या मुक्त शेतकी शाळा अधिक मोलाच्या वाटतात. त्यांत शेतकऱ्याला शुल्क नव्हते. शहरातल्या विद्यालयाच्या दाराशी त्याने यावे, याऐवजी विद्येनेच त्याच्या बांधापर्यंत जावे, असा तो खटाटोप होता. (आमच्याकडे कृषी प्रदर्शने भरतात, मंडप मोठे असतात, पाहुण्यांची भाषणे त्याहूनही मोठी, बांधावर येणारा माणूस अजून विरळाच.)

दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर जी चित्रे रंगविली, त्यांतील एकात सर्वांसमवेत मेजाभोवती बसून भाकरी मोडून वाटणारा पुरुष खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. तीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार स्त्रीने त्यांच्या कार्याची छायाचित्रे घेतली. १९३६ साली जान सिंदिक या बेल्जियन महिलेशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. त्यांपैकी सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली ते प्रथम मायदेशी आले. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि त्या सरकारने त्यांस शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले होते. इंग्रजांच्या काळ्या यादीतील नाव कोणी खोडलेच नव्हते, म्हणून स्वतंत्र भारताच्या विमानतळावर त्यांस काही तास अडवून ठेवले, अशी हकीकत सांगतात. पुढे ते नागपुरास स्थायिक झाले आणि जानेवारी १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा बसला. लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तो अनावृत केला.

आता थोडे घरचे. आपले पूर्वज गुजरातेतून तापीकाठी आले, असे आपल्या घराघरांत सांगतात. तेव्हा गाव सोडणे हे आपल्या रक्ताला नवे नाही. तरी पण आपली मुले बाहेर निघाली की, आपले पाय प्रथम लटपटतात. यात मी स्वतःही अपराधी आहे. १९९३ सालची गोष्ट. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. आपण धुळ्यातच होतो. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याला शेतीशास्त्र शिकावयास परदेशी जावयाचे होते. त्याचे वडील सल्ला विचारण्यास माझ्याकडे आले. मी म्हणालो, ‘घरी वीस एकर बागायत आहे. परक्याच्या मातीचे शास्त्र शिकून काय करावयाचे?’ मुलगा राहिला. उत्तम शेतकरी झाला. त्याने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. गेल्या वर्षी त्याच्या पपईवर रोग पडला, पाने चुरगळली, बागच्या बाग काढून टाकावी लागली. बांधावर बसलो असता त्याने सहज विचारले, ‘गुरुजी, पपईच्या मूळ देशात यावर काय करतात हो?’ मला ठाऊक नव्हते. त्यालाही ठाऊक नव्हते. आणि ते ठाऊक करून घेण्याची त्याची वेळ मी तीस वर्षांपूर्वी घालविली होती.

त्याची मुलगी यंदा शेतकी पदवीधर झाली. तिला पुढील अभ्यासासाठी परदेशी जावयाचे आहे. तिचे आजोबा, आता ऐंशीच्या घरात, पुन्हा माझ्याकडे आले. आम्ही ओट्यावर बसलो. या वेळी मी ‘जाऊ द्या’ म्हणालो आणि खानखोज्यांची सारी कथा त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व मग विचारले, ‘ते परत आले?’

‘आले,’ मी म्हणालो.

‘किती वर्षांनी?’

लपविण्यात अर्थ नव्हता. मी सांगितले, चाळीसहून अधिक वर्षांनी. म्हातारा मोठ्याने हसला. ‘तोवर आपण दोघे कुठे, गुरुजी?’ असे म्हणून त्यांनी टोपी सारखी केली, आणि मग पारपत्रासाठी कोणकोणते कागद लागतात, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या, असे मला सांगितले.