शाकाहारी मुलाचे ताट : पोट भरले, पोषणाचे काय?

मूल शाकाहारावर वाढत असेल, तर नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा एकच प्रश्न असतो : त्याला प्रथिने पुरेशी मिळतात ना? प्रश्न रास्त असला, तरी खरी उणीव बहुधा दुसरीकडेच असते. दूध, डाळ आणि पोळी-भात खाणाऱ्या मुलाला प्रथिने सहसा कमी पडत नाहीत. कमी पडते ते लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व. या दोहोंची उणीव वजनकाट्यावर दिसत नाही. मूल गुबगुबीत दिसत असतानाही ते रक्तक्षयी असू शकते.

२०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के बालकांना रक्तक्षय होता. यात मांसाहारी घरांतील मुलेही आहेत. म्हणजे हा दोष केवळ शाकाहाराचा नव्हे. मात्र शाकाहारी घरात आहाराची आखणी अधिक जाणतेपणाने करावी लागते, हेही तितकेच खरे.

प्रथिनांचा हिशेब

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन कप दूध, वाटीभर घट्ट वरण आणि दोन-तीन पोळ्या एवढ्यात ही गरज भागते. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भात, मुगाची खिचडी, थालीपीठ, इडली हे आपले नेहमीचे पदार्थ याच मेळावर उभे आहेत.

चूक होते ती तान्ह्या बाळाच्या बाबतीत. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न म्हणून डाळीचे नुसते पाणी किंवा भाताची पेज दिली जाते. त्यात पाणीच अधिक, डाळ नावापुरती. बाळाचे पोट लहान असते. त्यात जाणारा प्रत्येक घास कसदार हवा. मऊ शिजवून घोटलेली डाळ-तांदळाची खिचडी, त्यावर चमचाभर तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे किंवा रताळे असे दाट अन्न द्यावे. स्तनपान दोन वर्षांपर्यंत व पुढेही सुरू ठेवावे. पहिल्या वर्षात मध, मीठ आणि साखर टाळावी. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याऐवजी दाण्याचे कूट वापरावे.

लोह : खाल्ले किती, शोषले किती?

वरील शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाची लोहाची रोजची गरज ११ मिलिग्रॅम आहे. बाजरी, मटकी, मसूर, हरभरा, राजगिऱ्याची पालेभाजी, तीळ आणि हळीव ही लोहाची चांगली साधने. परंतु वनस्पतींतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते, म्हणून शोषणाकडे लक्ष देणे महत्त्वाचे.

क जीवनसत्त्व हे शोषण वाढवते. उसळीवर लिंबू पिळणे, जेवणात आवळ्याची किंवा टोमॅटोची कोशिंबीर ठेवणे, जेवणानंतर पेरू देणे हे सोपे उपाय आहेत. कडधान्ये भिजवून मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने लोहाला अडवणारे फायटेट कमी होते. लोखंडी कढईत चिंच-आमसुलाची आमटी केल्यास अन्नात थोडे अधिक लोह उतरते. उलट, चहातील टॅनिन हे शोषण रोखते. सकाळी मुलाला चहा-पोळी किंवा चहा-बिस्किटे देण्याची सवय म्हणूनच सोडलेली बरी.

दुधाच्या दोन बाजू

मूल जेवत नाही म्हणून त्याला ग्लासामागून ग्लास दूध पाजले जाते. दुधात लोह जवळजवळ नसते. शिवाय त्यातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि दुधाने भूक मेल्यामुळे भाकरी-उसळ मागे पडते. केवळ दुधावर असलेली गोरी, गुटगुटीत मुले पुष्कळदा फिकट निघतात ती यामुळेच.

तरीही दूध बंद करून चालणार नाही. ब-१२ जीवनसत्त्व फक्त प्राणिज पदार्थांतच खात्रीने मिळते. अंडीही वर्ज्य असलेल्या घरात दूध, दही, ताक आणि पनीर हाच त्याचा आधार. वर्षापुढील मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध किंवा तेवढ्याच दुधाचे दही द्यावे. त्याहून अधिक नको. वर्षाच्या आतील बाळाला गाई-म्हशीचे दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये. मोठ्या मुलांना दूध जेवणाबरोबर न देता मधल्या वेळी द्यावे. घरात अंडे चालत असेल, तर ते अवश्य द्यावे.

उणिवेची सुरुवात आईपासून

ब-१२ ची गोष्ट बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळील गावांत केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये ब-१२ कमी आढळले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आईकडेच साठा नसेल, तर दुधातून बाळाला तो मिळणार कोठून? अशा बाळाची त्वचा फिकट होते, बोटांचे सांधे काळवंडतात, केस विरळ होतात. बाळ हसायचे, मान धरायचे विसरू लागते, कधी हातपाय थरथरतात. वेळीच ओळखल्यास उपचार सोपा आहे. विलंब झाल्यास मेंदूची हानी कायमची राहू शकते. म्हणून शाकाहारी स्त्रीने गरोदरपणातच ब-१२ ची तपासणी करून घ्यावी.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. पालेभाज्यांतील किंवा गोळीतील फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी सुरूच राहते. ॲनिमियामुक्त भारत हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात लहान मुलांना लोह व फॉलिक आम्लाचे औषध देण्याची तरतूद आहे. ते जरूर घ्यावे, मात्र त्यात ब-१२ नसते.

हाडांसाठी

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळात त्याहूनही कितीतरी अधिक. पण ते शरीरात मुरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते अन्नातून फारसे मिळत नाही. मुलांना उन्हात खेळू द्यावे. बाळाला पहिल्या वर्षभर रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब बालरोगतज्ज्ञ देतात. ते मधेच बंद करू नयेत.

दिवसाचा एक नमुना

सकाळी लिंबू पिळलेले दाणे घातलेले पोहे. दुपारी भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर. चार वाजता दूध आणि राजगिऱ्याचा किंवा हळिवाचा लाडू. रात्री खिचडी, पालेभाजी आणि फळ. मधल्या वेळी ताक किंवा दही. यातील एकही वस्तू महाग वा परदेशी नाही.

मूल माती किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल, लवकर दमत असेल, चिडचिडे झाले असेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर टॉनिकची बाटली आणण्याआधी डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार ब-१२ तपासून घ्यावे. वजन-उंचीची नोंद तर प्रत्येक लसीकरणाच्या वेळी आलेखावर करून घ्यावीच. रेषा सपाट होऊ लागली, तर वाट न पाहता कारण शोधावे.